तक्रारबाईंची उसनी मिनिटं

तक्रारबाईंचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि ते तिथेच राहिलं. गल्लीत कुणाला पत्ता विचारला तर लोक आधी दयेने बघत आणि मग सांगत, "कोपऱ्यावरची इमारत, पहिला मजला. बेल वाजवू नका, बेलच्या आवाजावरून बोलतात. दार ठोकू नका, त्यावरूनही बोलतात." मग आत जायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नसे.

बाईंनी उभा जन्म पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार-खिडकीत काढला. आत त्या, बाहेर रांग. लोक येत, नळ कोरडा आहे म्हणत, बाई लिहून घेत, शिक्का मारत आणि पुढच्याला बोलावत. नळाला पाणी येणं न येणं हा दुसऱ्या खात्याचा प्रश्न होता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना एक घड्याळ भेट दिलं. ते दुसऱ्याच दिवशी बंद पडलं, आणि बाई ते घेऊन पहिल्यांदाच एका खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहिल्या. तिथे त्यांना जे सुख लाभलं ते आतल्या बाजूला कधी लाभलं नव्हतं. तेव्हापासून गल्लीतला दिवा, कचऱ्याची गाडी, वरच्यांचा कुत्रा आणि खालच्यांचा रेडिओ यांपैकी कुणालाही सुखाचे दिवस आले नाहीत.

पण बाईंनी धंद्याची नीती सोडली नव्हती. तक्रार घडलेल्या गोष्टीची करायची. काय झालं, कुठे झालं, कधी झालं, आणि तुम्ही स्वतः पाहिलं का. "उद्या पाणी येणार नाही असं वाटतं," म्हणत येणाऱ्याला त्या खिडकीवरूनच परत पाठवत. वाटणाऱ्या गोष्टींसाठी हवामान खातं आहे, असं त्या सांगत. न घडलेल्या गोष्टीची तक्रार म्हणजे निव्वळ चहाडी, आणि चहाड्या करायला काही पेन्शन लागत नाही.

बाईंचं सगळ्यात जुनं आणि लाडकं भांडण तळमजल्यावरच्या शिंप्याशी होतं. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांच्या दुकानाचं मागचं दार जिन्याच्या बोळात उघडायचं. दर शुक्रवारी दुपारी आसपासचे आठ-दहा मुसलमान शेजारी त्या दारातून आत जात, मशिनी भिंतीला सरकवत आणि कापडाच्या ताग्यांमध्ये नमाज पढत. चपला बाहेर, जिन्याच्या पायथ्याशी. बाई त्या चपलांवर अडखळून एकदा पडता पडता वाचल्या होत्या आणि वाचल्याचंच त्यांना वाईट वाटलं होतं, कारण पडल्या असत्या तर तक्रार भक्कम झाली असती.

"मास्तर, तुमच्या चपला माझ्या वाटेत येतात."

"बाई, चपला जागच्या हलत नाहीत. तुम्हीच त्यांच्या वाटेत येता."

असलं उत्तर आलं की बाई तणतणत वर जात आणि दिवसभर खुशीत असत. बाकीची इमारत त्यांना बघून दार लावून घ्यायची. तोंडाला तोंड देणारा हा एकच माणूस होता, आणि त्याची किंमत बाईंना होती. ती त्यांनी त्याला कधी कळू दिली नाही, हा भाग वेगळा.

मग एक दिवस अग्निशमनवाले आले. एका खोलीत कापड, इस्त्री आणि माणसं, तीही इतकी, चालणार नाही म्हणाले. बरोबरच म्हणाले. तेव्हा कुणीतरी सुचवलं की तात्पुरता फुटपाथवर पढा. त्यांच्यातला एक बसचालक फुटपाथच्या कडेला सतरंजी अंथरून बसला, तर कुणीतरी फोटो काढून 'रस्ता अडवला' म्हणून गावभर फिरवला. रस्त्यावर त्या वेळी एक मांजर होतं आणि ते सतरंजीवरच झोपलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला मशीद होती, पण मास्तरांचे वडील पार थकलेले, कानाने ठार बहिरे आणि गुडघ्यांनी त्याहून वाईट. त्यांना तिथवर नेणं म्हणजे कपाट हलवण्यासारखंच काम होतं. शेवटी मास्तरांनी बोळातली समोरची खोली भाड्याने घेतली. तिथे पूर्वी लॉन्ड्री होती, नंतर नुसती कोळ्यांची जाळी होती. नमाजाची खोली म्हणून तिला नगरपालिकेची परवानगी हवी होती. अर्ज गेला आणि सुनावणी लागली.

सुनावणी लागली म्हणताच इमारतीच्या रहिवासी समितीला जाग आली.

समितीचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांचं प्रत्येक वाक्य "तसं काही नाही, पण" असं सुरू होई, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे तसंनाही म्हणत. फार सुसंस्कृत माणूस. आयुष्यात त्यांनी कुणाबद्दल वाईट असं काही 'पण'च्या अलीकडे ठेवलं नाही, सगळं पलीकडे ठेवलं. ते दातांच्या डॉक्टरांना आणि आणखी चारपाच जणांना घेऊन तक्रारबाईंच्या घरी आले. सोबत बिस्किटांचा पुडा होता. बाईंनी एक बिस्किट मोडून पाहिलं, सादळलंय म्हणाल्या आणि पुडा धाकटीकडे दिला. धाकटी म्हणजे बाईंची बहीण. ती बाईंजवळच राहायची. इमारतीतल्या बायकांबरोबर संध्याकाळी फिरायला जाणं हे तिचं जगातलं एकमेव सुख, आणि ताईने ते घालवू नये एवढीच तिची देवाकडे मागणी.

"तसं काही नाही," अध्यक्षांनी सुरुवात केली, "पण उद्या इथे गर्दी होईल. पार्किंगचा प्रश्न येईल."

"त्यांच्यात गाडी कुणाची आहे?"

"आज नाहीये हो. पण उद्या घेतील."

"आवाज होईल," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं ड्रिल सकाळपासून अख्ख्या इमारतीच्या हिरड्यांतून फिरायचं, पण ते विज्ञान होतं.

"भोंगा लावणार आहेत का?"

"अर्जात तसं नाही म्हटलंय. पण वाटतं."

वाटतं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"फ्लॅटचे भाव पडतील," कुणी म्हणालं. "वातावरण बदलेल," आणखी कुणी म्हणालं. वातावरण म्हणजे नेमकं काय, हे विचारल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघा, आपल्याकडे प्रत्येकाला आपापला धर्म पाळायची मोकळीक आहे. आम्हाला ती मान्यच आहे. पण मोकळीक असणं वेगळं आणि ती वापरणं वेगळं."

"मग त्यांनी नमाज पढायचा कुठे?"

"पढावा की! जरूर पढावा. पण इथे नको."

"पण कुठे?"

यावर अध्यक्ष प्रसन्न हसले. कुठे, हा त्यांच्या समितीचा विषय नव्हता.

तर त्यांचं म्हणणं असं होतं. सुनावणीला दारात प्रत्येकाला एक पितळी बिल्ला मिळतो. एक बिल्ला म्हणजे तीन मिनिटं बोलायचं. स्वतः बोलायचं नसेल तर बिल्ला दुसऱ्याला देता येतो. समितीतल्या कुणाला चारचौघांत बोलायची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर उद्या मास्तरांकडे पँट आखूड करायला जायचंच होतं, मग उगाच तोंडदेखल्या संबंधांत कडवटपणा कशाला? बाईंचं काय, बाईंचा कडवटपणा जगजाहीर होता. तेव्हा सगळे आपापले बिल्ले बाईंना देतील.

"तुम्ही बोलाल ना?"

"बोलेन," बाई म्हणाल्या. "न बोलायला मी काय मेलेय?"

काय बोलाल, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मास्तरांशी रोज भांडणारी बाई मास्तरांच्या विरुद्धच बोलणार, याविषयी शंका घ्यायलाही जागा नव्हती. शहाण्या माणसांची हीच तर गंमत असते, एकदा सगळं कळलं की ती विचारायची थांबतात.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बाई सवयीने खाली भांडायला गेल्या. मास्तर बसल्या जागी एका कोटाची बाही उसवत होते. तो कोट बाईंचाच होता आणि बाही आखूड झाल्याची तक्रार आठवडाभर चालू होती. त्यांचे वडील कोपऱ्यात खुर्चीवर बसून बाईंकडे बघून हसले. ते सगळ्यांकडे बघून हसत. ऐकू येत नसलं की माणसाला जगाविषयी बरं मत ठेवता येतं.

"उद्या तुम्ही बोलणार म्हणे आमच्याविरुद्ध," मास्तर म्हणाले.

"मी काय बोलायचं ते मी ठरवते."

"बोला. तुमचा हक्क आहे." मास्तरांनी मान वर केली नाही. "फक्त एक आहे. अब्बा पुढच्या रांगेत बसणार. त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही बोलायला लागलात की ते तुमच्याकडे बघून हसतील. मनावर घेऊ नका."

बाई बाहीवरून न भांडताच वर गेल्या आणि धाकटीला म्हणाल्या, "मला फार राग आलाय." कुणाचा, ते सांगितलं नाही. धाकटीने विचारलंही नाही, कारण यादी मोठी असायची.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात चांगली गर्दी होती. दारात बिल्ले घेऊन समितीचा एकेक माणूस येई आणि ठण् करून आपला बिल्ला बाईंच्या पर्समध्ये टाकी. डॉक्टरांनी टाकला. त्यांच्या बायकोने टाकला. एकजूट दिसावी म्हणून खुद्द अध्यक्षांनीही टाकला आणि पुटपुटले, "सोडू नका हं अजिबात." बाई म्हणाल्या, "कुणालाच सोडणार नाही."

समोर सुनावणीच्या अधिकारीणबाई बसल्या होत्या. त्यांना सर्दी झालेली आणि टेबलावर घंटी ठेवलेली. आधी मास्तरांना बोलावलं. मास्तरांची तीन मिनिटं आभार मानण्यात गेली. अधिकाऱ्यांचे आभार, शेजाऱ्यांचे आभार, ज्यांनी हरकत घेतली त्यांचेही वेळ काढून आल्याबद्दल आभार. मुद्द्यावर येतात तोवर घंटी वाजली. ज्याला स्वतःच्या देवासमोर वाकायलाही अर्ज करावा लागतो तो माणूस बोलण्याआधी आभारच मानतो, ती सवय लागलेली असते. बाईंना ते बघवलं नाही.

मग त्यांचं नाव पुकारलं. बाईंनी पर्स टेबलावर उपडी केली. बिल्ले घरंगळले, आणि एक घरंगळत खाली पडला तो मास्तरांच्या वडिलांनी वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, उचलून दिला. आणि हसले.

"हे सगळे तुमचे?" अधिकारीणबाईंनी नाक पुसत विचारलं.

"शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेत. माझा एक वेगळा आहे, तो नंतर."

"बोला."

"मी जन्मभर तक्रारी घेतल्या," बाई म्हणाल्या. "तेव्हा आधी हे बघते की या हरकतींत तक्रार किती आहे. गर्दी होईल, आवाज होईल, भाव पडतील, वातावरण बदलेल. होईल, पडेल, बदलेल. झालंय काय? कुणी बघितलंय? यातली एकही मी माझ्या खिडकीवर घेतली नसती. माझ्या खिडकीवर वेडी माणसंही यायची, पण तीसुद्धा कोरडा नळ बघून यायची."

मागच्या रांगांत खुर्च्या करकरल्या. अध्यक्षांना वाटलं, बाई प्रस्तावना करताहेत. त्यांनी मान हलवून प्रोत्साहन दिलं.

"आता दुसरं. मास्तर चांगला शेजारी आहे, म्हणून त्याला परवानगी द्या, असं मी अजिबात म्हणणार नाही. कारण तो चांगला नाही. उलट बोलतो. कधीही वेळेवर कपडे देत नाही. माझ्या कोटाची बाही त्याने आखूड केली. पण बाही आखूड केली म्हणून कुणी माणसाचा देव काढून घेत नाही. बाही परत शिवून घेतात."

डॉक्टर उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही कुणाच्या बाजूने बोलताय?"

"मधे बोलायला बिल्ला लागतो डॉक्टर. आहे का तुमच्याकडे?"

डॉक्टरांनी खिसे चाचपले, जणू तिथे एखादा उगवला असेल. अध्यक्ष घाईघाईने टेबलापाशी गेले. तसं काही नाही, पण दिलेले बिल्ले परत मिळतील का? अधिकारीणबाई शिंकल्या आणि म्हणाल्या की दिलेला वेळ परत मिळत नाही, नियम आहे. अध्यक्ष खाली बसले.

"अध्यक्षांच्या घरी दर मंगळवारी प्रार्थनामंडळ भरतं," बाई पुढे म्हणाल्या. "छान गातात, सूर सोडला तर. जिन्यात चपलांचा डोंगर असतो. त्याला परवानगी कुणी दिली? कुणीच नाही. त्यांनी मागितलीच नाही. मागायची असते हेच त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नसावंच, घरात प्रार्थना करायला कसली आलीये परवानगी? मग तीच गोष्ट तीन मजले खाली आली की तिला सुनावणी का लागते? मला स्वतःला देवाचं काही पडलेलं नाही. भेटला तर मलाही त्याच्याकडे चार तक्रारी करायच्या आहेत. पण हे म्हणतात मोकळीक मान्य आहे, फक्त वापरू नका. अहो, मग ती मोकळीक काय काचेच्या कपाटात मांडून ठेवायची आहे? धर्माची मोकळीक म्हणजे बक्षीस आहे का, वागणूक बघून द्यायला? दुकानात नको, फुटपाथवर नको, खोलीत नको. मी यांना माझ्या घरात विचारलं, मग कुठे? बिस्किटं खाल्ली, उत्तर दिलं नाही. आता इथे विचारते. मास्तरांच्या म्हाताऱ्या वडिलांनी शुक्रवारी नेमकं कुठे जायचं? माझ्याकडे वेळ भरपूर आहे. तुमचाच आहे. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. समितीतला प्रत्येकजण आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. हे लोक वाईट नव्हते, नेमके हेच लोक आजारपणात एकमेकांना डबे पोचवत. फक्त त्यांना आजवर कुणी 'कुठे' असं विचारून उत्तराची वाट बघितली नव्हती. शांतता एवढी लांबली की मास्तरांच्या वडिलांना वाटलं, संपलं सगळं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. त्यांनी मुलाला विचारलं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"नाही म्हणाले का रे? मग आता घरीच पढायचं का मी, एकट्याने?"

मास्तरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. धाकटी मागे आपल्या मैत्रिणींच्या मधोमध बसली होती, ती उठली आणि पुढे येऊन ताईच्या शेजारी उभी राहिली. तिची संध्याकाळची फेरी त्याच क्षणी संपली हे तिला कळत होतं.

अधिकारीणबाईंनी कागद उलटले, हरकतींत घडलेलं असं काही सापडतं का ते पाहिलं, आणि परवानगी मंजूर म्हणून सांगितलं. "झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आत्तापर्यंत शेजाऱ्यांच्या वेळात बोलले. आता माझ्या बिल्ल्यावर." आणि त्यांनी शेवटचा बिल्ला ठेवला. "या मास्तरांची माणसं जिन्यात चपला टाकतात. मी स्वतः पाहिलंय, मी स्वतः अडखळलेय. परवानगीत अट घाला. चपलांना मांडणी हवी."

मास्तर तोंडाला रुमाल लावून हसत होते की रडत होते, ते बाईंना दिसलं नाही. त्यांनी बघितलंच नाही तिकडे. मांडणीची अट घातली गेली.

पुढचे काही दिवस इमारत बाईंशी बोलत नव्हती. तसं बघायला गेलं तर आधीही बोलत नव्हती, पण आता ठरवून बोलत नव्हती. धाकटी संध्याकाळी खिडकीत बसून मैत्रिणींना फाटकातून जाताना बघे. एकदा बाईंनी स्वतःच चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल, मी येते तुझ्याबरोबर." धाकटीला हे सुख आहे की शिक्षा, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, पण ती गेली.

शुक्रवारी दुपारी बाई जिन्याच्या वळणावर येऊन उभ्या राहिल्या. खाली नवी लाकडी मांडणी होती. चपला रांगेत. बाईंनी एकेक जोड नजरेने तपासला आणि एकही तिरका सापडेना, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मास्तरांचे वडील भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत बोळातून आले. त्यांना चपला काढायला वेळ लागला आणि त्यांनी त्या खालच्या फळीवर नीट ठेवल्या. तिसऱ्या मजल्यावर अध्यक्षांचं दार किलकिलं झालं, आणि पहिल्या मजल्यावर डॉक्टरांचं ड्रिल थांबलं.

म्हाताऱ्यांनी वर पाहिलं, बाई दिसल्या, हसले. "आज तक्रार नाही?"

"आहे!" बाई ओरडल्या, कारण त्याशिवाय त्यांना ऐकू गेलं नसतं. "दार सताड उघडं ठेवलंय, गार वारा जिन्यात येतोय. दार लावून घ्या आणि सावकाश पढा. घाई करू नका. कुणी उठवायला आलं तर मला हाक मारा!"

म्हाताऱ्यांच्या कानापर्यंत ते पोचलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. वर मात्र सगळ्या मजल्यांना स्वच्छ ऐकू गेलं, आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार हळूच बंद झालं.